हाजियांचा झोबो आणि २९ वा रोजा

त्या दिवशी रमजानचा २९ वा रोजा होता. संध्याकाळी चंद्र दिसला तर उद्या ईद, नाही दिसला तर आणखी एक रोजा. नायजेरियात सोकोटोचे सुलतान रात्री तशी घोषणा करतात आणि तोवर सगळे ताटकळत असतात. कानो शहरातल्या शराडा औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या बिस्किट कारखान्याला मात्र ताटकळून चालणार नव्हतं. ईदला इकडे सल्ला म्हणतात. सल्लासाठी कामगारांना द्यायचे खाऊचे डबे त्याच संध्याकाळी तयार हवे होते, कारण चंद्र दिसलाच तर सकाळी कारखाना बंद.

दरवर्षी डब्यात आमचीच बिस्किटं असत. त्या वर्षी कोणीतरी म्हणालं की माणसं वर्षभर बिस्किटंच बघतात, सणाला तरी दुसरं काही घरी नेऊ दे. मग काम गेलं कँटीन चालवणाऱ्या हाजियांकडे. हज करून आलेल्या बाईला इकडे हाजिया म्हणतात. अडीचशे डबे, आणि प्रत्येकात एक बाटली झोबो, म्हणजे लाल आंबटगोड सरबत, तळलेली चिनचिन, शेंगदाण्याची कुलिकुली आणि कांतुन रीदी, म्हणजे तिळाच्या वड्या. अट एकच होती, लॅबनं पास केल्याशिवाय काही बाहेर जाणार नाही. आणि लॅब माझ्याकडे.

सकाळी आत पाऊल टाकलं तोच हाजियांच्या हाताखालची एक मुलगी पळत आली. कोठीत जाऊन बघते तर आदल्या संध्याकाळी भरलेल्या झोबोच्या बाटल्या फुगून टणक झालेल्या, काहींची झाकणं उडालेली, आणि भिंतीवर छतापर्यंत लाल शिंतोडे.

झोबो करतात तो लाल अंबाडीच्या बोंडांचा. बाजारात त्याला सगळे पानंच म्हणतात, पण असतात ती फूल गळून गेल्यावर बोंडाभोवती वाढणारी मांसल, आंबट, गडद लाल दलं, वाळवलेली. जिगावा, कात्सिना आणि कानोच्या शेतांतून ती पोत्यांनी दावानाउच्या बाजारात येतात. माझं माहेर यवतमाळचं. अंबाडीची भाजी आणि लाल बोंडांची चटणी खाऊनच मी मोठी झाले. त्यामुळे दावानाउत पहिल्यांदा त्या पोत्यात हात घातला तेव्हा वासानंच ओळख पटली होती. इथे ती बोंडं आलं, लवंग आणि किंबा नावाच्या काळ्या, शेंगेसारख्या मसाल्याबरोबर उकळतात, गाळतात, गोड करतात आणि गार करून पितात. सणाला, बारशाला, लग्नाला आणि रोजा सोडताना झोबो हवाच.

हाजिया आल्या. साठीच्या पुढच्या, अंगानं बारीक, डोक्यावरून पायघोळ हिजाब. नेहमीप्रमाणे आधी सगळ्यांना "सन्नू दा आइकी" म्हणाल्या. काम करत असलेल्या माणसाला इथे असंच अभिवादन करतात. मग एक बाटली उचलली, झाकण हळूहळू सैल करून आतला वायू जाऊ दिला आणि तोंडाशी नाक नेलं. रोजा असल्यामुळे चाखायचा प्रश्नच नव्हता.

"अननस कच्चा घातलाय," त्या म्हणाल्या. "कोणी?"

दोघी मुली खाली बघत राहिल्या. हाजिया अननसाच्या साली बोंडांबरोबरच उकळतात, चव त्यातून येते. मुलींना काहीतरी नवं करायचं होतं. त्यांनी झोबो गार झाल्यावर ताजा अननस आणि काकडी वाटून, गाळून, वरून मिसळली होती. चव खरंच छान झाली असणार. पण बाहेर चाळिसाच्या आसपास ऊन, कोठीत पंखासुद्धा नाही.

मी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. यीस्टच्या गोल पेशी, अंगावर कळी फुटावी तशा दुसऱ्या पेशी फुटत असलेल्या, जिकडेतिकडे. झोबोचा सामू तीनच्या खाली असतो. एवढ्या आंबटात बहुतेक जिवाणू तग धरत नाहीत, पण यीस्टला आंबट चालतं आणि साखर तर हवीच असते. अननसाच्या सालीवरून, वाटणाच्या भांड्यातून ते आलं आणि रात्रभर साखर खाऊन वायू आणि अल्कोहोल करत बसलं. मी हाजियांना सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. पेशींबद्दल काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "नशा झाली का यात?"

"थोडी झाली असेल, हाजिया."

मग पुढे बोलायचं काही उरलंच नाही. सल्लाच्या डब्यात अशी वस्तू जाणार नाही. एकेक बाटली त्यांनी स्वतःच्या हातानं मोरीत ओतली. मुली रडवेल्या झाल्या होत्या. हाजिया त्यांना एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "अननस पुन्हा आणा. या वेळी पातेल्यात."

दिवसाला खरा रंग चढला तो इथून. हाजियांना चाखता येत नव्हतं, मुलींनाही नाही. त्या स्वयंपाकघरात रोजा नसलेली मी एकटी. हाजियांनी मला पातेल्याशेजारी स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, "याता, आज जीभ तुझी." माझ्या वयाच्या बायकांना त्या याताच म्हणतात, माझी लेक.

बोंडं आधी दोन पाण्यांतून झटपट धुतली, कारण ती वाळवतात रस्त्याकडेला आणि वाळू हमखास असते. नेहमीच्या ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याऐवजी मी कारखान्यातली स्टीलची मोठी पिंपं दिली. इतका आंबट रस अ‍ॅल्युमिनियमला खातो. शंभर ग्रॅम बोंडांना तीन लिटर पाणी. आलं ठेचून, लवंगा, किंबा, अननसाच्या साली आणि गर, सगळं पहिल्यापासून आत. साखर महागल्यापासून हाजिया निम्मा गोडवा खजुरानं आणतात. तो खजूर बी काढून वाटून तोही उकळीतच. माझ्या मते त्यांच्या झोबोची खरी खुबी तोच आहे. साखरेचा गोडवा नुसता जिभेवर राहतो, खजूर त्या आंबटाला अंग देतो.

मी चमच्यानं चाखायची आणि हाजिया उलटतपासणी घ्यायच्या. तिखट कुठे लागतं, जिभेवर की घशात? आंबट आधी येतं की गोड? गिळल्यावर तोंड कोरडं पडतं का? "घशात चरचरतं," मी म्हणाले. त्यांनी लगेच झाऱ्यानं किंबाचे तुकडे वेचून काढले. "आता?" आता बरं होतं. "तोंड कोरडं पडतंय," म्हटल्यावर आच बंद केली. फार उकळलं की बोंडातला तुरटपणा उतरतो आणि लाल रंगही मळकट होतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं. हाजिया नुसत्या वाफेकडे बघून सांगत होत्या. न चाखता, नुसत्या माझ्या इथल्या हौसा भाषेतल्या आणि इंग्रजीतल्या मोडक्यातोडक्या वर्णनावरून, त्यांनी शंभर लिटरच्या वर झोबो जुळवला. प्रयोगशाळेत इतकी वर्षं काम करताना इतकं अचूक काम मी फार थोड्या वेळा पाहिलंय.

बाटल्यांचं कोडं मात्र माझ्या वाट्याचं. साध्या प्लास्टिकच्या बाटलीत उकळता झोबो ओतला तर ती आकसून वेडीवाकडी होते, आणि उघड्यावर गार करून ओतला तर कालचंच पुन्हा. काचेच्या एवढ्या बाटल्या त्या दिवशी मिळणं शक्य नव्हतं. मग पिंपं झाकण लावूनच बर्फाच्या लाद्यांच्या हौदात ठेवली. बर्फ बाहेर, झोबो आत, एकाला दुसऱ्याचा स्पर्श नाही. नव्या बाटल्या, उकळलेलं नरसाळं, आणि भरल्या भरल्या मार्गरीन ठेवतो त्या शीतखोलीत. प्रत्येकीवर मुलींनी हौसा भाषेत चिठ्ठी लावली: थंड ठेवा, दोन दिवसांत संपवा.

तेवढ्यात चिनचिनचं प्रकरण पुढे आलं. मैदा, लोणी, साखर, अंडं, दूध, जायफळ, त्याचे बारीक चौकोन कापून तळायचे. दिवाळीतल्या शंकरपाळ्यांची सख्खी बहीणच ती. मुलींनी आदल्या दिवशी दुधाऐवजी झोबोत कणीक भिजवली होती, लाल चिनचिन करायची म्हणून. तळून आली ती राखाडी-जांभळी. बिचाऱ्यांना वाटत होतं की बोंडंच वाईट निघाली. बोंडांचा काही दोष नव्हता. तो लाल रंग आंबटातच लाल राहतो. अंडं, बेकिंग पावडर यांनी आंबटपणा मारला की तो जांभळा, मग निळसर होतो. मी एका वाटीत झोबो घेऊन चिमूटभर सोडा टाकून दाखवला. लाल रंग डोळ्यांदेखत निळा-हिरवा झाला आणि दोघी "हाऽ!" करून मागे सरकल्या.

मी सुचवलं की कणकेत काही घालू नका, चिनचिन नेहमीसारखी तळा आणि वरून पाकात घोळवा. मुलींनी हौसेनं झोबोतच साखर उकळायला घेतली. हाजियांनी हात धरला. "आंबट आहे ते. साखर चिकट राहील, सुकणार नाही." अगदी खरं. पाकाची साखर होऊ नये म्हणून आपण लिंबू पिळतो, आणि इथे तर साखर व्हायलाच हवी होती. म्हणून पाक साध्या पाण्यात केला, गोळीबंद झाल्यावर चिनचिन त्यात टाकून झाऱ्यानं हलवत राहिलो आणि साखर पांढरी धरू लागताच बोंडांची कोरडी, वस्त्रगाळ पूड वरून भुरभुरली. साखरेचे कण लालगुलाबी झाले आणि तसेच राहिले. मी एक तोंडात टाकलं. आधी आंबट, मग गोड, आणि शेवटी जायफळ. "कसं?" सगळ्या एकदम. मला पटकन उत्तर देता आलं नाही, इतकं ते चांगलं होतं.

जुन्या पदार्थात नवं करणाऱ्यांना हाजिया अडवत नाहीत, हे मला त्या दिवशी फार जाणवलं. त्या फक्त विचारतात, हे कधी घालणार, कोणत्या क्षणी? अननस चुकीचा नव्हता, बोंडंही नव्हती. वेळ चुकली होती.

कुलिकुलीला कोणी हात लावला नाही. शेंगदाण्याचं तेल पिळून उरलेला चोथा, आलं-मिरची घालून, वळून, त्याच तेलात तळलेला. त्याला सुधारायला काही जागाच नाही. मुलींनी तरी थोडी कुटून, याजी हा इथला तिखट मसाला मिसळून, तिखट चिनचिनवर लावायचं ठरवलं, पण वेळ संपत आला होता.

सूर्य मावळला. अजान झाली. हाजियांनी खजूर तोंडात घातला, पाणी प्यायल्या, आणि मग शीतखोलीतली एक बाटली उघडली. सगळ्या मुली त्यांच्याकडे बघत होत्या, मीही. त्यांनी दोन घोट घेतले, थोडं थांबल्या, तिसरा घेतला.

"लवंग एक मूठ कमी," म्हणाल्या. "बाकी याताची जीभ बरी आहे."

रात्री उशिरा रेडिओवर कळलं की चंद्र दिसला नाही. उद्या ३० वा रोजा, सल्ला परवा, आणि कारखाना उद्या चालू. हाजियांचा फोन आलाच. डबे सकाळी बंद करू नकोस, याजीची चिनचिन करायला आता वेळ आहे, आणि तू रिकाम्या पोटी ये, चाखायचंय.