सॅन अँड्रियासच्या काठाने: होलिस्टर ते वॉलेस क्रीक

कॅलिफोर्नियातल्या होलिस्टरला भ्रंश, म्हणजे जिच्या दोन बाजू एकमेकींना घासत सरकतात अशी जमिनीतली भेग, बघायला डोंगर चढावा लागत नाही, सिक्स्थ स्ट्रीटवरच्या फुटपाथची काँक्रीटची कड पुरते. इथला कॅलव्हेरास भ्रंश, सॅन अँड्रियास या मोठ्या भ्रंशाची शाखा, भूकंपाशिवाय, अगदी हळूहळू सरकत असतो. त्याच्या ओढीने कड आधी वाकते, मग तडकते. झाडांची मुळंही कडा बिघडवतात, म्हणून मी आधी समोरची बाजू बघतो. मुळं काँक्रीट वर उचलतात. भ्रंश ते आडवं सरकवतो आणि रस्त्यापलीकडची कड, पुढच्या घराची भिंत एका रेषेत वाकवत जातो. मोजायला सुतळी हवी. एका बाजूच्या सरळ कडेला ती धरून पलीकडे ताणायची आणि तिथली सरळ कड तिच्यापासून किती हटली ते बघायचं. नुसत्या भेगेला टेप लावली तर आकडा कमी येतो, कारण बरीचशी सरक वाकण्यात मुरलेली असते.

पुढचा मुक्काम पार्कफील्ड. गावालगतचा पूल खुद्द सॅन अँड्रियास भ्रंशावर आहे आणि चांगलाच वाकलाय. इथून उत्तरेला हा भ्रंश सरकतो, दक्षिणेला अडकून बसतो. का? उत्तर खडकात आहे. सॅफॉड या संशोधन प्रकल्पात इथे भ्रंशापर्यंत खोल छिद्र पाडलं आणि २००७ मध्ये सुमारे २.७ किमी खोलीवरून गाभा, म्हणजे खडकाचा दंडगोल नमुना, काढला. सरकणारे पट्टे निघाले फक्त १.६ आणि २.६ मीटर रुंद! त्यांत सर्पेंटिनाइट या खडकाचे तुकडे आणि सॅपोनाइट ही चिकणमाती. बहुतेक खडकांचा घर्षणांक ०.६ च्या वर असतो, हिचा जेमतेम ०.१५. इतकी निसरडी माती ताण साठू देत नाही. मला हा शोध फार मोलाचा वाटतो.

तिथून दक्षिणेला कॅरिझो प्लेन या मैदानात जाताना पाणी आणि पेट्रोल आधीच भरून घ्या, आत काहीही मिळत नाही. हायवे ५८ वरून सेव्हन माईल रोड, मग कच्चा एल्कहॉर्न रोड. पावसानंतर चिखलात गाडी रुतते, तेव्हा जाऊच नये. बे एरियातल्या मंडळींना लाँग वीकेंड पुरतो.

तिथल्या वॉलेस क्रीक या ओढ्याला सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर पोचावं. तिरप्या उन्हात भ्रंशाची रेघ उठून दिसते. टेंब्लर डोंगरातून आलेला ओढा भ्रंशावर काटकोनात उजवीकडे वळतो, सुमारे १३० मीटर भ्रंशाला धरून जातो आणि पुन्हा खाली उतरतो. हे अंतर भ्रंशरेषेवरच मोजायचं, ओढ्याच्या वळणावळणाने नाही. हे पात्र सुमारे ३,७०० वर्षांचं, म्हणजे वर्षाला सरासरी ३४ मिमी. पण ही सरासरी आहे. इथे भ्रंश अडकलेला असतो आणि १८५७ सारख्या मोठ्या भूकंपात एका झटक्यात काही मीटर सरकतो. एकाच वळणावर विसंबू नका, ओढे एरवीही वळतात. शेजारच्या लहान घळीही त्याच बाजूला सरकलेल्या आहेत का ते चालत बघा. आणखी वायव्येला, ओढा भ्रंशाला मिळतो तिथपासून ३८० मीटरवर, याच ओढ्याचं जुनं, कोरडं पात्र आहे. तिथवर नक्की जा.