पेट्रोलचा वास नेमका कधी येतो, ते आधी बघा

पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत पेट्रोलचा वास येतो म्हटलं की बहुतेक गॅरेजात एकच गोष्ट होते. बॉनेट उघडतं, समोर दिसणाऱ्या पाईपचा चार इंचांचा तुकडा बदलला जातो आणि गाडी परत मिळते. दोन दिवसांनी वास पुन्हा हजर. गळती कुठे आहे हे नाकाला सापडत नाही, कारण वाफ पसरते, आणि पाच-दहा मिनिटांत नाक त्या वासाला सरावतंही. पण वास कधी येतो, यावरून जागा बरीचशी ठरवता येते. त्यामुळे मेकॅनिककडे जाण्याआधी तेवढं टिपून ठेवा. गाडीखाली थेंब किंवा ओल दिसत असेल, तर मात्र टिपत बसायचं नाही, त्याबद्दल पुढे.

टाकी फुल केल्यावर वास येतो आणि काटा अर्ध्यावर आला की थांबतो, तर दोष टाकीच्या वरच्या अंगाला आहे. वळणावर किंवा खड्ड्यात गाडी आपटल्यावर वास वाढणं ही त्याचीच खूण. तिथे संशयित तीन: टाकीत बसलेल्या पंपाच्या झाकणाखालचं रबरी सील, फिलर नेक (पेट्रोल भरायच्या तोंडापासून खाली येणारी नळी) टाकीला जोडणारा जाड होज म्हणजे रबरी पाईप, आणि त्याच्या बाजूचा, टाकीतली हवा बाहेर सोडणारा बारीक ब्रीदर पाईप. मुंबईत आधी फिलर नेक बघावा. मागच्या चाकाच्या कमानीत तो असतो, तिथे पावसाळाभर चिखल थापला जातो आणि खाऱ्या हवेत तो चिखल पूर्ण कधी वाळत नाही. नळी वरून रंगलेली, धडधाकट दिसते आणि चिखलाखाली पत्रा चाळणी झालेला असतो. चाक काढून, प्लास्टिकचं अस्तर असेल तर तेही काढून, ब्रशने साफ केल्याशिवाय कळणार नाही. गंजलेल्या नेकला डाग मारून घेऊ नये. नवा किंवा निदान न गंजलेला जुना नेक कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधावा.

टाकी फुल केल्यावरच्या वासाचं आणखी एक कारण घरचंच आहे. नोझल एकदा ‘टक’ झाल्यावरही रक्कम गोल करण्यासाठी पंपावरचा माणूस आणखी दोनदा दाबतो आणि आपणही हो म्हणतो. ते जास्तीचं पेट्रोल वाफेच्या वाटेने कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये जातं. कॅनिस्टर वाफ शोषायला बनवलेला आहे, पातळ पेट्रोल नव्हे. एकदा भिजला की वास येत राहतो. सोडवून हातात घेतल्यावर जड लागला, हलवल्यावर आत पाणी हलल्यासारखं वाटलं, तर बदलावा. त्यातली वाफ इंजिनकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकला असेल, तर पेट्रोल भरल्यावर गाडी चटकन सुरू होत नाही. इंजिन बंद असताना व्हॉल्व्ह काढून फुंकून बघा: हवा आरपार जायला नको.

सकाळी पहिल्या स्टार्टला वास येतो आणि इंजिन तापल्यावर जातो, तर इंजेक्शनच्या गाडीत (जिथे इंजेक्टर दाबाने पेट्रोल फवारतात) इंजेक्टरच्या वरच्या ओ-रिंगकडे, म्हणजे रबरी कड्याकडे, बघा. रबर कडक झालेलं असतं. गार असताना फट राहते, तापल्यावर फुगून ती बुजते. ओ-रिंग एकाच इंजेक्टरची बदलू नये, सगळ्यांच्या वरच्या-खालच्या दोन्ही बदलाव्यात आणि बसवताना इंजिन ऑइलचा एक थेंब लावावा. कोरडी ओ-रिंग चिरते. रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, दाब राखणारा प्रेशर रेग्युलेटर असेल, तर त्याचा बारीक व्हॅक्यूम पाईप काढून बघा. पाईपच्या आत पेट्रोल किंवा त्याचा वास असेल, तर रेग्युलेटरचा पडदा फाटला. त्याची दुरुस्ती होत नाही.

कार्बोरेटरच्या गाडीत तक्रार बहुधा उलटी असते: गाडी बंद करून दहा मिनिटं झाली की वास. तापलेल्या इंजिनावर कार्बोरेटरच्या बाऊलमधलं (पेट्रोल साठणाऱ्या वाटीतलं) पेट्रोल उकळतं. बाऊलमध्ये येणारं पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह नीट बसत नसेल किंवा त्याची उघडझाप करणारा तरंगता फ्लोट वर सेट केलेला असेल, तर ते ओसंडतंही. नीडल आणि तिची सीट दोन्ही जोडीने बदलायच्या, नुसती नीडल नव्हे. मेकॅनिकल पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) फाटला, तर पेट्रोल पंपाच्या बुडाच्या भोकातून टपकतं किंवा थेट ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि त्याला पेट्रोलचा वास असला, तर गाडी सुरूच करू नका. पंप आणि ऑइल दोन्ही बदलल्यावरच चावी फिरवायची.

केबिनमध्ये वास येतो तेव्हा ब्लोअर चालू ठेवून बाहेरची हवा आणि आतली हवा असा लिव्हर आलटून पालटून बघा. बाहेरची हवा घेतानाच वास येत असेल, तर दोष बॉनेटखाली, कारण हवा काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून ओढली जाते. काहीच फरक पडत नसेल, तर मागे, टाकीकडे वळा. सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येत असेल, तर ती गळती नाही. प्लग, कॉईल किंवा मिक्स्चरचं काम आहे.

सीएनजी किट असलेल्या गाड्या आपल्याकडे भरपूर, म्हणून त्यांचं वेगळं. सीएनजीत मुद्दाम घातलेला कुजट वास पेट्रोलसारखा मुळीच नसतो, आणि गॅस हलका असल्याने वर जातो. तसा वास आला तर सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा आणि जोड साबणाच्या फेसाने तपासा. पण किट बसलेल्या जुन्या कार्बोरेटर गाडीत पेट्रोलच्या लाइनमध्ये एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप होणारा व्हॉल्व्ह, घातलेला असतो. म्हणजे मूळ गाडीत नसलेले दोन जोड, दोन क्लिपा. किट बसवल्यापासून त्यांना सहसा कोणी हात लावलेला नसतो. तिथे पहिल्यांदा टॉर्च मारा. सीएनजीवरच फिरणाऱ्या गाडीत टाकीच्या तळाशी महिनोन्‌महिने तेच चार-पाच लिटर पेट्रोल पडून असतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते.

आता होज. पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि जुन्या गाड्यांचे नायट्राइल रबराचे पाईप त्यासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात किंवा उलट कडक होऊन चिरतात. पाईप बोटांत दुमडून बघा. बारीक रेषा दिसल्या तर संपला. आणि एक पाईप गेला असेल, तर बाकीचे त्याच वयाचे आहेत. टाकीपासून इंजिनपर्यंतचं सगळं रबर एकाच वेळी बदलावं. तुकड्या-तुकड्याने बदलणं शेवटी महाग पडतं. नव्या होजवर एसएई जे३० आर९ (इंधनाच्या होजचं मानक) असा छाप हवा, आतलं अस्तर फ्लोरो-रबरचं. कार्बोरेटरच्या लाइनमध्ये दाब पाव बारच्या आसपास असतो, इंजेक्शनच्या लाइनमध्ये अडीच-तीन बार. कार्बोरेटरचा साधा पाईप इंजेक्शनला लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडणाऱ्या तुकड्याला आर९ सुद्धा चालत नाही, तिथे आर१० लागतो. उंदीर-घुशींनी कुरतडलेल्या पाईपवर दातांच्या जोडीच्या खुणा दिसतात. तिथे पाईप बदलून भागत नाही, त्याला जाळीचं आवरणही हवं.

लाइन उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. होज ब्लेडने सरळ कापा, नळीवर किमान २५ मिलिमीटर चढवा आणि क्लिप नळीच्या टोकाजवळच्या उंचवट्याच्या मागे, टोकापासून दूरच्या बाजूला बसवा. खाचांची साधी क्लिप रबर कापते. कडा दुमडलेली इंजेक्शन क्लिप घ्या. एम-सील, साबणाची वडी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा या गोष्टी गाडी रस्त्यावरून बाजूला नेण्यापुरत्याही विश्वासाच्या नाहीत. फ्लेअरच्या (नळीचं टोक पसरवून केलेल्या) जोडावर टेफ्लॉन टेपही नको. तिथे धातूवर धातू बसून सील होतं आणि टेपचे धागे इंजेक्टरमध्ये जाऊन अडकतात. रिकाम्या टाकीला वेल्डिंग करणाऱ्याकडे तर जाऊच नका. टाकी नीट धुऊन वाफमुक्त केलेली नसेल, तर भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची.

आणि थेंब दिसत असेल तर? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाते. आपल्या सोसायट्यांमध्ये स्टिल्ट पार्किंगला लागूनच मीटर रूम असते, जवळच वॉचमनची अगरबत्ती किंवा बिडी. अशी गाडी सुरू करायची नाही. चावी, लाइट, लिफ्टजवळचा स्विच, कशाला हात नको. दोघा-तिघांनी ढकलून उघड्यावर काढा, खाली वाळू टाका, पाणी मारून गटारात ढकलू नका. मोठी गळती असेल तर १०१. काम करताना दोन किलोचं ड्राय पावडर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा, आणि उजेडाला एलईडी टॉर्च. काचेचा बल्ब असलेला हँडलॅम्प पडून फुटला की पुढचं सांगायला नको.

काम झाल्यावर चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करून लाइनमध्ये दाब भरू द्या आणि प्रत्येक जोडाभोवती पांढरा टिश्यू फिरवा. डोळ्याला न दिसणारी ओल कागदावर दिसते. टाकी पहिल्या ‘टक’पर्यंत भरा, गाडी रात्रभर उघड्यावर ठेवा आणि सकाळी स्टार्ट करण्याआधी वास घ्या. नवं रबर थोडं दबतं, त्यामुळे आठवड्याने क्लिपा पुन्हा एकदा हलक्या हाताने आवळा.