निदानाच्या आधी काय घडतं

माझं काम उंदराच्या स्वादुपिंडाचे सेक्शन, म्हणजे अगदी पातळ काप, बघण्याचं. स्वादुपिंड फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचं, मग पॅराफिनच्या ब्लॉकमध्ये बसवायचं, मायक्रोटोमवर पाच मायक्रॉन जाडीचे सेक्शन कापायचे आणि कोमट पाण्यावर तरंगवून अलगद स्लाइडवर उचलून घ्यायचे. हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनने रंगवलं की पेशींची केंद्रकं निळी-जांभळी दिसतात आणि बाकी सगळं गुलाबी. त्या गर्द पसाऱ्यात मधूनमधून फिकट, गोलसर ठिपके येतात. हीच लँगरहान्सची बेटं. इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी यांच्यातच असतात.

आमचे उंदीर एनओडी जातीचे आहेत. त्यांना टाइप 1 मधुमेह आपोआप होतो. कुणी काही टोचत नाही, काही कापून काढत नाही. त्यांची प्रतिकारशक्ती त्यांच्याच बीटा पेशींवर उलटते, माणसात होतं तसंच. दहा-बारा आठवड्यांच्या मादीचा सेक्शन मायक्रोस्कोपखाली धरला की एकाच स्लाइडवर रोगाच्या चार-पाच अवस्था शेजारीशेजारी दिसतात. एक बेट अगदी स्वच्छ असतं. त्याच्या बाजूच्या बेटाच्या एका कडेला, रक्तवाहिनीच्या अंगाने, गडद निळ्या ठिपक्यांची गर्दी झालेली असते. हे लिम्फोसाइट्स, प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी. पुढच्या बेटाला त्यांचा पुरता वेढा पडलेला असतो. त्यापुढच्या बेटात ते आत घुसलेले असतात आणि बीटा पेशी जेमतेम एका कोपऱ्यात उरलेल्या असतात. आणि त्या मादीची नोंदवही उघडून बघावं, तर त्या दिवशी सकाळची रक्तशर्करा नॉर्मल!

माणसाच्या रोगाचं मॉडेल म्हणून प्राणी कशाला हवेत, असं कुणी विचारलं की माझ्या डोळ्यांसमोर हीच स्लाइड येते. रोग सुरू आहे, पण रक्तात त्याचा पत्ता नाही. माणसात हा काळ काही महिन्यांचा असू शकतो किंवा बऱ्याच वर्षांचा. मूल सारखं पाणी पिऊ लागतं, वजन उतरतं, मग डॉक्टरांकडे नेलं जातं. तोपर्यंत मोठं नुकसान होऊन गेलेलं असतं. आणि तिथे वेळेआधी डोकावायची सोय नाही, कारण स्वादुपिंड पोटात अगदी मागे असतं आणि पाचक रसांनी भरलेलं असतं. जरा धक्का लागला की ते रस बाहेर पडून आजूबाजूचं पचवायला लागतात. नॉर्वेत नुकतंच निदान झालेल्या प्रौढ स्वयंसेवकांच्या स्वादुपिंडाचा छोटा तुकडा काढून अभ्यास करायचा प्रयत्न झाला. त्यातून फार मोलाची माहिती मिळाली, पण गुंतागुंत होऊ लागली म्हणून सहा जणांनंतर तो थांबवावा लागला. 2007 पासून एनपॉड नावाचं जाळं मरणोत्तर अवयवदान केलेल्यांची स्वादुपिंडं जमवून संशोधकांना देतं. आज माणसाच्या रोगाबद्दल जे ठामपणे सांगता येतं त्यातलं बरंचसं या कुटुंबांमुळे. तरी एका दात्याकडून एकच क्षण मिळतो. आधी काय होतं आणि पुढे काय झालं असतं, हे त्या स्लाइडवर नसतं. चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याची स्वादुपिंडं ओळीने मांडून बघणं प्राण्यातच शक्य होतं.

पण मधुमेही प्राणी म्हणजे एकच गोष्ट नव्हे, आणि बातम्या वाचताना इथेच सगळी गल्लत होते. 1889 मध्ये योसेफ फॉन मेरिंग आणि ऑस्कर मिंकोव्स्की यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं आणि त्याला मधुमेह झाला. साखरेचा ताबा या अवयवाकडे आहे, हे त्याने सिद्ध झालं. 1921 मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी अशाच कुत्र्यांवर स्वादुपिंडाचा अर्क वापरून बघितला आणि त्यातून इन्सुलिन आलं. पुढे स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन हाताशी आलं. ते ग्लुकोजच्याच वाटेने बीटा पेशीत शिरतं आणि तिला मारतं. इन्सुलिन नसेल तर मूत्रपिंडाचं, डोळ्यांचं, नसांचं काय होतं, जखम का भरत नाही, हे बघायला दोन्ही प्रकार चांगले. मात्र बीटा पेशी मुळात का मेल्या, हा प्रश्न त्यांना विचारता येत नाही. त्याचं उत्तर आपणच आधी देऊन टाकलेलं असतं: आपण मारल्या म्हणून.

एनओडी उंदीर मिळाला तो मात्र न शोधता. जपानमध्ये शिओनोगी या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मोतीबिंदू होणाऱ्या उंदरांची पैदास चालू होती. त्यातून उपाशीपोटी साखर जास्त असणारी एक ओळ आणि साखर नॉर्मल असणारी दुसरी ओळ, अशा दोन वेगळ्या केल्या होत्या. मधुमेह उगवला तो नॉर्मल ओळीत, 1974 मध्ये, एका मादीला. माकिनो आणि सहकाऱ्यांनी तिच्या वंशातून ही जात तयार केली आणि 1980 मध्ये प्रसिद्ध केली. बेटांभोवती लिम्फोसाइट्स जमायला चार-पाच आठवड्यांपासून सुरुवात होते, साखर वाढते ती साधारण बाराव्या आठवड्यानंतर. हे मधले आठवडे म्हणजेच माणसात आपल्याला न दिसणारा काळ.

टाइप 1 असलेल्या एका मुलीच्या आईने मला एकदा विचारलं होतं, “ताई, उंदरांचा मधुमेह थांबवायचे इतके उपाय सापडलेत म्हणता, मग आमच्यापर्यंत एकही का येत नाही?” तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. असल्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर देणं मला पटत नाही. एनओडी उंदरात मधुमेह टाळणाऱ्या उपायांची यादी खरोखरच लांबलचक आहे. पण ती वाचताना प्रत्येक उपायापुढे एक प्रश्न लावायचा: कधी दिला? त्यातले कितीतरी उपाय उंदीर अगदी लहान असताना, बेटं अजून स्वच्छ असताना किंवा पहिले लिम्फोसाइट्स नुकते पोचत असताना दिलेले असतात. त्या वयात या उंदराला वळवणं तुलनेने सोपं असतं. माणसात तर आपल्याला सुगावा लागतो तोच रक्तात ऑटोअँटिबॉडी (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी) दिसू लागल्यावर, म्हणजे हल्ला सुरू झाल्यावर. इन्सुलिनची इंजेक्शनं आधीच सुरू केली तर एनओडीत मधुमेह टळतो, हे 1990 च्या सुमारास दिसलं होतं. मोठा धोका असलेल्या, रुग्णांच्या नातेवाइकांवर तशीच चाचणी झाली. 2002 मध्ये निकाल आला आणि काहीही फरक पडला नव्हता.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून बघा. 1994 मध्ये फ्रान्समध्ये ल्युसियेन शातेनू आणि सहकाऱ्यांनी टी पेशींवरच्या (हा लिम्फोसाइट्सचाच एक प्रकार) सीडी3 या रेणूला चिकटणारी अँटिबॉडी वापरली, आणि ती दिली ज्यांना मधुमेह नुकताच झाला होता त्या उंदरांना. साखर वाढल्यानंतर! पुष्कळ उंदीर बरे झाले आणि बरेच राहिले. माझ्या मते कठीण वेळी दिलेल्या या परीक्षेमुळेच त्या निकालाला वजन आलं. त्याच वाटेवरचं टेप्लिझुमॅब हे औषध माणसात आलं. ऑटोअँटिबॉडी आहेत, साखर थोडी बिघडू लागली आहे, पण रोग अजून उघड झालेला नाही, अशांना चौदा दिवस दिलं तर निदान सरासरी दोन वर्षं पुढे गेलं. हा निष्कर्ष 2019 चा, आणि अमेरिकेत 2022 मध्ये त्याला मान्यता मिळाली. दोन वर्षं म्हणजे काय, असं कुणी म्हणेल. सहा वर्षांच्या मुलाच्या घरी विचारा. दोन वर्षं सुया नाहीत, रात्री साखर उतरेल म्हणून जागरण नाही. त्या आईला मी हेच सगळं सांगितलं.

तरी उंदीर तो उंदीरच. एनओडीच्या बेटाभोवती लिम्फोसाइट्सचे थरच्या थर साचतात, नवख्या विद्यार्थ्यालाही ते लांबून ओळखू येतात. माणसाच्या स्वादुपिंडात शोधावं लागतं. एकेका बेटाला पंधरा पांढऱ्या पेशी, आणि अशी निदान तीन बेटं, एवढं सापडलं तरी त्याला इन्स्युलायटिस, म्हणजे बेटांचा दाह, म्हणायचं, असं तज्ज्ञांनी ठरवलंय. उंदराच्या बेटात बीटा पेशी मध्यभागी आणि ग्लुकागॉन हे हॉर्मोन बनवणाऱ्या अल्फा पेशी कडेने असतात, माणसात दोन्ही एकमेकींत मिसळलेल्या. म्हणून एनओडीत दिसलेली प्रत्येक गोष्ट एनपॉडच्या स्लाइडवर तपासून घेतल्याशिवाय ती माणसाबद्दल लिहू नये, असा माझा आग्रह असतो. रिव्ह्यू करताना मी हे हटकून लिहिते.

मॉडेल माणसासारखं नसणं हे दर वेळी अपयशच असतं असंही नाही. मला या बाबतीत सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाची हकिकत फार आवडते. या रोगात सीएफटीआर हे जनुक बिघडलेलं असतं. ते 1989 मध्ये सापडलं आणि 1992 पर्यंत ते बंद केलेले उंदीर तयारही झाले. त्यांची आतडी बिघडली, पण फुफ्फुसं ठीक राहिली! माणसं या रोगात दगावतात ती मुख्यतः फुफ्फुसांमुळे. मग 2008 मध्ये तेच जनुक बंद केलेली डुकरं जन्माला घातली गेली. पिल्लांची आतडी जन्मतःच तुंबलेली होती, काही आजारी बाळांची असतात तशीच, आणि काही महिन्यांत फुफ्फुसंही बिघडली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नवजात पिल्लांची फुफ्फुसं उघडून बघता आली. आधी दाह की आधी जंतूंचा संसर्ग, हा वाद वर्षानुवर्षं चालू होता. पिल्लांच्या फुफ्फुसांत दाह नव्हता, पण सोडलेले जिवाणू मारायची त्यांची ताकद निरोगी पिल्लांपेक्षा कमी होती. श्वासमार्गावरचा पातळ द्रव जास्त आम्लधर्मी झाल्याने त्यातली जंतुनाशक प्रथिनं नीट काम करत नव्हती. मग उंदरांनाच हे का होत नाही? 2016 मध्ये कळलं की माणसाच्या आणि डुकराच्या श्वासमार्गात आम्ल बाहेर टाकणारा एटीपी12ए नावाचा पंप असतो, उंदराच्या श्वासमार्गात तो जवळजवळ नसतो. म्हणजे ज्या उंदराला लोकांनी निकामी ठरवलं होतं, त्याच्या न होणाऱ्या रोगातच उत्तर दडलेलं होतं.

याच रोगात पेट्री डिशनेही मोठं काम केलं. रुग्णांच्या श्वासनलिकेच्या पेशी वाढवून, त्यांच्यावर संयुगं पारखून आयव्हाकाफ्टर मिळालं, 2012 मध्ये ते बाजारात आलं. रुग्णाच्या गुदाशयातून घेतलेल्या पेशींचे ऑर्गनॉइड, म्हणजे अवयवासारखे इवलेसे गोळे, बनवून, औषधाने ते फुगतात का हेही बघता येतं. सीएफटीआर चालू झालं तर पाणी आत येतं आणि ते फुगतात. जिथे प्रश्न एका पेशीपुरता आहे तिथे प्राण्याला हात लावूच नये, या मताची मी आहे. पण टाइप 1 मध्ये लसिका ग्रंथी, रक्त, आतडी आणि स्वादुपिंड यांच्यात पेशींची ये-जा चालते, ती डिशमध्ये अजून तरी पुरती मांडता येत नाही.

आणि प्राणी वापरायचा तर त्याच्या जगण्याची काळजी हा प्रयोगाचाच भाग आहे. उंदराला शेपटीने उचललं तर तो घाबरतो, नळीतून किंवा ओंजळीत उचलला तर बराच शांत राहतो. घाबरलेल्या उंदराची साखर वाढते, म्हणजे माझं मोजमापच बिघडतं. आपल्याला बरी वाटणारी बावीस अंशांची खोली उंदराला गारठ्याची असते, म्हणून पिंजऱ्यात घरटं करायला भरपूर कागद हवा. रसेल आणि बर्च यांनी 1959 मध्ये मांडलेली तत्त्वं, शक्य तिथे पर्याय, कमीत कमी प्राणी, कमीत कमी त्रास, ही फॉर्म भरण्यापुरती नाहीत. आमच्याकडे स्वादुपिंड मी घेते, प्लीहा दुसरी सहकारी, आतडं तिसरा, एकाच प्राण्यातून. एक जीव गेला आहे, तर त्यातलं काही वाया जाता कामा नये.

सध्या मी नर आणि माद्यांच्या स्लाइड्स शेजारी ठेवून बघतेय. एनओडीत तीस आठवड्यांपर्यंत साधारण 60 ते 80 टक्के माद्यांना मधुमेह होतो, नरांत 20 ते 30 टक्क्यांना. माणसात मुलींना असा जास्त धोका नाही, म्हणून काही जण हा फरक बाजूला सारतात. मला तसं करवत नाही. 2013 मध्ये टोरांटोच्या एका गटाने प्रौढ नराच्या आतड्यातले जिवाणू लहान माद्यांना दिले, तेव्हा त्यांच्यातला मधुमेह बराच कमी झाला आणि टेस्टोस्टेरॉन वाढलं. नरांच्या बेटांभोवतीही लिम्फोसाइट्स जमतात, पण पुष्कळ नरांत ते कडेलाच थांबून राहतात. दोन किंवा अधिक ऑटोअँटिबॉडी असलेल्या मुलांपैकी सुमारे 70 टक्के मुलांना दहा वर्षांत मधुमेह होतो, आणि बाकीच्यांना त्या मुदतीत होत नाही. त्यांच्या बेटांभोवतीही असंच काही कडेला थांबलेलं असेल का, हे मला बघायचंय. त्यासाठी नरांच्या सेक्शनमध्ये हल्ल्याला आवर घालणाऱ्या रेग्युलेटरी टी पेशी रंगवून, त्या बेटाच्या कुठल्या बाजूला आणि किती आहेत ते मोजणं चालू आहे. या पेशींची खूण असलेल्या फॉक्सपी3 या प्रथिनाचा रंग या पॅराफिन सेक्शनवर नीट बसायला लागलाय. आठ आठवड्यांचा गट मोजून झाला की बारा आठवड्यांचा घेणार आहे.