सात मिलिमीटर

टीबी होऊ नये म्हणून घ्यायच्या आयसोनियाझिडची सहा महिन्यांची शेवटची गोळी गेल्या आठवड्यात घेतली. गोळ्या घेण्याचा त्रास झाला नाही. त्या हातात पडेपर्यंत मात्र जीव मेटाकुटीला आला.

मला एचआयव्ही आहे, एआरटी म्हणजे त्यावरची औषधं नियमित चालू आहेत. खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं यातलं काहीच नव्हतं, एक्स-रेही स्वच्छ. म्हणजे टीबीचा आजार नव्हता. पण टीबीचे जंतू अंगात निपचित पडून असू शकतात. असा सुप्त संसर्ग दुसऱ्याला लागत नाही, मात्र एचआयव्ही असेल तर त्याचा आजार होण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून डॉक्टरांनी प्रतिबंधक गोळ्या सांगितल्या.

गोळ्यांच्या खिडकीवर उत्तर मिळालं, "आधी मॉन्टू टेस्ट करून आणा." टीबीचा संसर्ग आहे का ते बघणारी ही त्वचेवरची चाचणी. शुक्रवारी हातावर टोचलं. ही चाचणी ४८ ते ७२ तासांत वाचावी लागते आणि सोमवारी सुट्टी! मंगळवारी गेले तर म्हणाले, वेळ उलटली, परत टोचा. दुसऱ्या खेपेला वेळेत पोहोचले. तंत्रज्ञांनी पेनने टोचलेल्या जागी उठलेल्या गाठीच्या दोन्ही कडांना खुणा केल्या, पट्टी लावली. सात मिलिमीटर. कागदावर लिहिलं 'निगेटिव्ह'. "दहाच्या आत आहे, गोळ्यांची गरज नाही."

मी कागद घेऊन बाहेर आले आणि पायरीवरच बसले. मला आठवत होतं, एचआयव्ही असेल तर पाच मिलिमीटरलाच पॉझिटिव्ह धरतात. परत आत गेले. "मॅडम, नियम आम्हाला माहीत आहेत." तिसऱ्या दिवशी डॉक्टर भेटले. त्यांनी 'निगेटिव्ह' खोडून सही केली. मला सगळ्यात जास्त राग येतो तो पुढच्या गोष्टीचा: जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांनुसार एचआयव्ही असलेल्यांना या गोळ्या सुरू करायला ही चाचणी सक्तीची नाहीच. सीडी-४ (रोगप्रतिकारक पेशींची संख्या) कमी असेल तर संसर्ग असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते. तसा कागद घेऊन किती जण मुकाट्याने घरी गेले असतील!

तुम्हाला असं अडवलं तर खिडकीशी वाद घालू नका, सरळ डॉक्टरांना गाठा. चाचणी करणारच असाल तर टोचण्याआधी वाचायचा दिवस मोजा. मोजायची असते ती कडक गाठ, लाली नव्हे.

आयसोनियाझिडबरोबर बी-६ जीवनसत्त्वाची गोळी मागून घ्या. मला ती दोन आठवडे उशिरा मिळाली. तिच्याविना तळपायांना मुंग्या येऊ शकतात. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, तर पुढच्या तारखेची वाट न बघता गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. या काळात दारू नकोच.

आणि हो, आठवड्यातून एकदा घ्यायचा बारा डोसांचा कोर्सही असतो. त्यातलं रिफापेंटिन एआरटीच्या काही औषधांबरोबर चालत नाही, म्हणून एआरटीची डबीच सोबत नेऊन दाखवा. त्याने लघवी नारिंगी होते, तिला घाबरू नका.