घुबड, लगदा आणि नरकासुर : पावसाळ्यातल्या कामाची नोंद

माशेलला चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, झाला त्याच आठवड्यात, आषाढात, मी पहिल्यांदा माती मळायला घेतली. बारावीचा अभ्यास आटोपून रोज रात्री तासभर. आता अश्विन लागलाय आणि पडवीत दिवाळीत जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्याचा मुखवटा वाळतोय. मधल्या तीन महिन्यांत जे हाती लागलं ते लिहून ठेवते. गोव्याच्या दमट हवेत काम करणाऱ्यांना उपयोगी पडेल.

पहिलं काम घुबडाचं. वीतभर उंच, पोट भरीव. चार दिवसांनी वरून कोरडं दिसलं म्हणून उन्हाची तिरीप आल्या आल्या बाहेर ठेवलं. संध्याकाळी मानेभोवती चीर गेली आणि दुसऱ्या सकाळी डोकं हातात आलं. मला रडूच आलं. शेजारच्या काकांची गणपतीच्या मूर्ती घडवायची चित्रशाळा आहे, त्यांच्याकडे तुकडे घेऊन गेले. त्यांनी फुटलेल्या जागी अंगठा दाबला. ठसा उमटला! "वरचं आकसलं, आतलं ओलंच आहे. फाटेल नाही तर काय?" मग त्यांनी साच्यातून काढलेली एक मूर्ती उलटी करून दाखवली. आतून पोकळ, आणि जाडी सगळीकडे सारखी.

त्या रात्री मी मातीची पट्टी लाटून तिच्यावर बरोबर 10 सेंमीची रेघ ओढली. पूर्ण वाळल्यावर ती 9.3 सेंमी भरली. वाळलेल्या घुबडाला ओल्या मातीचं डोकं का चिकटत नव्हतं, ते या 7 मिलिमीटरनी सांगितलं. ओला भाग आकसतो, सुका जागचा हलत नाही, आणि सांधा सुटतो. आता दोन्ही भाग सारखे ओले असतानाच चरे पाडते, मध्ये पातळ चिखल भरते आणि दाबून जोडते. नंतर सांध्यावर दोन दिवस ओलं फडकं. तेव्हापासून एकही सांधा सुटलेला नाही.

कागदाचा लगदा त्या मानाने लवकर जमला. रद्दी दोन दिवस भिजवून उकळायची, कुटायची, पिळायची आणि चिंचोक्याच्या खळीत मळायची. श्रावणात मात्र पहिल्या वाडग्याला काळी बुरशी धरली, वास घरभर. खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, पण ते विषारी; स्वयंपाकघरात नको म्हणून मी टाळलं. थर पातळ ठेवले, रात्रभर पंखा लावला, तेवढ्याने भागलं.

खरा आनंद झाला तो दोन्ही एकत्र केल्यावर. तीन वाट्या दाट चिखलात एक वाटी पिळलेला लगदा. कागदाचे तंतू माती धरून ठेवतात, आणि या मिश्रणात सुक्याला ओलं जोडलं तरी निभावतं. घुबडाला नवं डोकं मिळालं. ते सगळं वाळलं की नाही हे बघायला रोज वजन केलं: 412 ग्रॅमवरून उतरत 371 वर आलं आणि तीन दिवस तिथेच राहिलं. तेव्हाच रंग लावला. भट्टी मिळालेली नाही, त्यामुळे घुबड पाण्यापासून लांब. साधारण 600 अंश सेल्सिअसपर्यंत तापून मातीत बांधलेलं पाणी निघून गेल्याशिवाय ती पुन्हा चिखल व्हायची थांबत नाही. चवथीची मूर्ती कच्ची ठेवतात म्हणूनच तर ती विसर्जनानंतर विरघळते.

आता मुखवटा. वाड्यावरच्या मुलांनी बांबू आणि गवताचा सांगाडा उभा केलाय, तोंड माझ्याकडे. चेहरा आधी मातीत घडवला: भुवया जाड, नाक फेंदारलेलं, सुळे वेगळे. त्यावर पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा, म्हणजे माती सोडवता येते. वर खळीचे सात थर, एक वर्तमानपत्राचा, एक खाकी कागदाचा, असे आलटून पालटून, म्हणजे कुठे जागा सुटली ते लगेच दिसतं. कागद कातरीने कापू नका, हाताने फाडा. फाटलेली कड पातळ असते, सांधा दिसत नाही.

नरकचतुर्दशीच्या पहाटे हा जळणार, हे माहीत असूनही डाव्या भुवईवर मी तीन रात्री घालवल्या. आतली माती मात्र पुन्हा बादलीत जाईल, पणत्यांसाठी.

आज सोडवायचा विचार होता. गाल लावून पाहिला, कपाळाला कोरडा लागतो, कानामागे अजून गार. म्हणजे तिथे ओल आहे. उद्यापर्यंत थांबते.