पक्षीच का, गणपती का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, आणि तुम्ही एकटे नाही, गोव्यात डिचोलीला आमच्या दुकानात येणारे दहातले आठ जण हेच विचारतात. एवढं लाकूड कोरणारं कॉम्प्युटरवालं मशीन (सीएनसी) आहे, त्याला लाकूड गोल फिरवणारं रोटरी अटॅचमेंट पण लावलंय, मग बोटभर लाकडी पक्षी काय करत बसता, गणपती करा की, चवथीला हातोहात जातील. शेजारचे काका तर सरळच म्हणाले, "इतलें म्हारग मशीन घेवन तूं सवणीं करतलो?" (इतकं महाग मशीन घेऊन तू पक्षी करणार?)

लोकांना वाटतं मी पक्षीवेडा असणार. तसं काही नाही हो. रायबंदरहून फेरी पकडून चोडणला सलीम अली अभयारण्यात मीही जाऊन आलोय, पण दुर्बीण गळ्यात अडकवून पहाटे उठणाऱ्यांतला मी नव्हे. पक्षी करतो कारण माझ्या मशीनला पक्षी जमतो.

कसं ते सांगतो. लेथ तुम्ही पाहिला असेल, सावंतवाडीचे चितारी (लाकडी वस्तू करून रंगवणारे कारागीर), आमचे कुंकळ्ळीचे चितारी त्याच्यावरच काम करत आले. तिथे लाकूड गरगर फिरतं आणि हत्यार एका जागी धरलेलं असतं, त्यामुळे जे निघतं ते सगळ्या बाजूंनी सारखंच गोल, लाटणं म्हणा, पाळण्याचे दांडे म्हणा. रोटरीत बरोबर उलटं. लाकूड अंशाअंशाने हळू फिरतं आणि वरचं बिट, म्हणजे कापणारं हत्यार, मिनिटाला दहा-बारा हजार फेरे घेतं, आणि कुठल्या अंशाला बिटने किती खाली उतरायचं हे कॉम्प्युटर सांगतो. म्हणून एका बाजूला फुगीर पोट आणि दुसऱ्या बाजूला सपाट पाठ असं करता येतं.

पण एक अट आहे आणि सगळं त्या अटीवर अडतं. बिट कायम वरून, लाकडाच्या मधल्या अक्षाकडे तोंड करूनच उतरतं. तिरकं होत नाही, आत वळत नाही. म्हणजे वरून बघितल्यावर जे झाकलं जातं, ते लाकूड कितीही फिरवा, कापता येत नाही. आता गणपती डोळ्यासमोर आणा. सोंड पोटावर आलेली, तिच्यामागे पोकळी, चार हात, हातात मोदक, हाताच्या आणि पोटाच्या मधे फट. सगळ्या सांदीच सांदी! भिंतीवर लावायचा उठावाचा गणपती होतो, तो कुठलाही साधा सीएनसी करतो, त्याला रोटरी कशाला. आणि चवथीला लोक मातीचा आणतात, विसर्जन करतात, लाकडाचा कोण बुडवणार?

मान आखडून बसलेली मुनिया मात्र बघा. चोचीपासून शेपटीपर्यंत एक रेघ ओढा आणि त्या रेघेभोवती फिरवा, कुठेही काही झाकलं जात नाही. चिमणी तशीच. पिंगळा तर अगदी रोटरीसाठीच जन्माला आल्यासारखा, फक्त त्याचा अक्ष उभा धरायचा, डोक्यातून शेपटीकडे. पाय कुणाचेच होत नाहीत, ते पितळी तारेचे, मागाहून भोक पाडून बसवतो.

खंड्याची गंमत वेगळी आहे. माझ्याकडचे सगळे खंड्या सूर मारणारे का असतात, बसलेले का नाहीत, हेही बरेच जण विचारतात. बसलेल्या खंड्याचं अंग उभं आणि चोच आडवी, म्हणजे लाकडाचे रेषे अंगाच्या दिशेने ठेवले की चोचीत ते आडवे येतात, आणि आडव्या रेषेची दोन-तीन मिलिमीटरची चोच नुसतं फडक्याने पुसताना सुद्धा पटकन तुटते. सूर मारताना चोच, डोकं, अंग, शेपटी सगळं एका ओळीत येतं, रेषे टोकापर्यंत सरळ जातात, चोच चांगली मजबूत राहते. लोक म्हणतात वा काय अ‍ॅक्शन पकडलीय. पकडली कसली, लाकडाने पकडायला लावली.

चोचीची अजून एक भानगड आहे. मशीनला सांगायचं असतं की मिनिटाला अमुक अंश फिर. 40 मिमी जाडीच्या पोटावर एक अंश म्हणजे साधारण 0.35 मिमी सरकणं, पण चोच 4 मिमीची असेल तर तोच एक अंश 0.035 मिमी, म्हणजे दहावा हिस्सा. पोटावर झकास कापत आलेलं बिट चोचीवर येऊन जवळजवळ थांबतं, लाकूड कापायच्या ऐवजी घासतं, आणि चोच काळी पडते, जळका वास येतो. (मी करतो त्या पांढऱ्या छातीच्या खंड्याची चोच काळी नसते, लाल असते, त्यामुळे ते खपवूनही नेता येत नाही.) त्यावर उपाय म्हणजे मशीनला द्यायची जी-93 ही आज्ञा, यात वेग न सांगता प्रत्येक हालचाल किती वेळात संपवायची ते सांगतात, आणि ते गणित सॉफ्टवेअरकडून करून घ्यायचं. ज्यांच्याकडे माझ्यासारखंच वाय मोटरची वायर काढून रोटरीला लावलेलं छोटं मशीन आहे त्यांच्यासाठी: फेऱ्याला 200 स्टेपची मोटर, ड्रायव्हर 16 वर (एका स्टेपचे 16 तुकडे), पट्टा सहास एक, म्हणजे एका फेऱ्याला 19200 स्टेप, एका अंशाला 53.333. हा आकडा चुकला की पक्ष्याला एका बाजूला कपड्यासारखी शिवण दिसते.

इतके छोटे का, तर रोटरी टेबलावर बसवली की स्पिंडलखालची (बिट फिरवणाऱ्या मोटरखालची) उंची तिथेच खाल्ली जाते. शिवाय बारीक बिटची लांबी तेवढीच, चोच कापायला खाली उतरलं की वरचा कोलेटचा, म्हणजे बिट धरून ठेवणारा, नट पक्ष्याच्या डोक्याला आपटायला बघतो. आणि वेळ बघा ना. 60 मिमीचा पक्षी, प्रत्येक फेऱ्याला 0.2 मिमी पुढे सरकायचं म्हटलं तर शेवटच्या कापणीचेच 300 फेरे. दुप्पट मोठा केला तर लांबीही दुप्पट आणि घेरही दुप्पट, वेळ चौपट, आणि पावसात मधेच लाईट गेली की संपलंच, मोटरला आपण कुठे होतो ते आठवत नाही.

लाकूड म्हणाल तर आमच्याकडे फर्निचरचे तुकडे पडलेले असतातच, पण सागवान मी पक्ष्यांना वापरत नाही. त्यात वाळूसारखी सिलिका असते, बारीक बिटची धार जाते, आणि पिसांच्या कडा भुगा होऊन उडतात. माडाचं लाकूड नुसते धागे. शिवण नावाच्या झाडाचं लाकूड सगळ्यात उत्तम, हलकं, पावसाळ्यातही फार फुगत-आखडत नाही. फणस दुसरा नंबर, पिवळाधमक निघतो आणि हळूहळू तपकिरी होत जातो, म्हणून फणसाचा पक्षी घेताना रंगावर भुलू नका, वर्षाने तो वेगळाच दिसणार आहे.

आणि हो, हे हँडमेड नाही. मशीन पक्षी देतं, दोन्ही टोकांचे खुंट कापणं, पिसांच्या रेघा सुरीने परत धारदार करणं, डोळे बसवणं, जवसाचं तेल, हे माझं. कुणी हँडमेड म्हणून विकायला सुचवलं होतं, मला ते बरं वाटत नाही.

सगळ्यात जास्त जातो तो आपला गोव्याचा राज्यपक्षी, लाल गळ्याचा पिवळा बुलबुल. त्याला तुरा नसतो, म्हणून मला सोपा. पण पुष्कळ गिऱ्हाइकं "तुरा तुटलाय का हो?" म्हणून परत करायला बघतात, त्यांना फोटो दाखवावा लागतो.

सध्या एक बाई बगळ्यासाठी मागे लागल्यात. बगळ्याची मान म्हणजे सांदीच, एका लाकडात होणार नाही. मान वेगळी कापून जोडता येईल, दर जरा जास्त पडेल, आणि सांधा निरखून बघितलं तर दिसेल. हे त्यांना आधीच सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या चालेल, पण बसलेला नको, उडणारा द्या.