फियाचा पहारा

कोल्हापुरातील एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवतो. प्राणिवर्तनाच्या तासाला गेली तीन वर्षे मी स्वतः घेतलेली एक चित्रफीत दाखवत आलो आहे: लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या वाटेवरील कुरणात, ४,००० मीटरहून अधिक उंचीवर, मागच्या पायांवर उभा राहून बिस्किट कुरतडणारा हिमालयीन मार्मोट. लडाखी लोक त्याला फिया म्हणतात. बिस्किट धरलेला हात माझाच आहे, हे मी थोड्या अभिमानानेच सांगत असे.

त्या दिवशीही तास नेहमीसारखाच चालला होता. फिया हा खारीच्या कुळातला, म्हणजे आपल्या राधानगरीच्या शेकरूचा दूरचा नातेवाईक. पण शेकरू उंच झाडावर घरटे बांधते, तर झाडेच नसलेल्या मुलखात फियाला आसऱ्यासाठी जमीन खोदावी लागते, असे सांगून मी पहाऱ्याकडे वळलो. चरताना ज्याला गरुड, कोल्हा किंवा हिमबिबट्या आधी दिसतो, तो तीक्ष्ण आवाज काढतो आणि सारे बिळाकडे धावतात. आपण त्याला शिट्टी म्हणतो खरे, पण तो आवाज ओठांतून नव्हे, कंठातून येतो. "हा बघा, पहाऱ्यावर उभा आहे," असे म्हणून मी चित्र थांबवले.

कागलकडच्या मेंढपाळ घरातला एक विद्यार्थी मागच्या बाकावरून उठला. "सर, ह्यो पहाऱ्यावर न्हाई. आमचं राखणीचं कुत्रं भाकरी खातानाबी मधनंच मान वर करतंय. ह्याचं सगळं ध्यान तुमच्या हातावर हाय."

फियाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला मान न वळवताही बरेच दिसते, असा बचाव मी केला. तो चुकीचा नव्हता, पण मुलाने पुढे विचारले, "मग आवाज का बंद ठेवलाय?" वाऱ्याच्या आणि पर्यटकांच्या गोंगाटामुळे मी तो पहिल्यापासूनच बंद ठेवत असे. आवाज सुरू केल्यावर शेवटाकडे, त्या गोंगाटातूनही, दूरवरची शिट्टी स्पष्ट ऐकू आली. मागच्या उतारावरचे दोन ठिपके, ज्यांना मी इतके दिवस दगड समजत होतो, क्षणात दिसेनासे झाले. माझा फिया मात्र जागचा हलला नाही.

ते दिवस ऑगस्टचे होते. बिळाचे तोंड मातीने बुजवून सारे कुटुंब एकमेकांना बिलगून जवळपास सहा महिने शीतनिद्रेत जाते, आणि तेवढ्या काळाची चरबी त्याला उन्हाळ्यातल्या गवतावर आणि मुळांवर साठवावी लागते, हे मी दरवर्षी याच तासाला शिकवतो.

"त्येला कुणी धरलं का मग, सर?" मुलाने विचारले. चित्रीकरण तिथेच संपते, कारण माझ्या हातातली बिस्किटे संपली होती.